ताईचा मोगरा फुलला, याला मी जबाबदार नाही

डोंबिवली (पूर्व)
रामनवमी, सुंठवडा खाऊन झाल्यावर

तीर्थस्वरूप वासंतीताईस,

धाकटा भाऊ हरिहर (वय पासष्ट, तुझ्या लेखी अजून शेंबडा) याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. आम्ही दोघं इथे बरे आहोत. म्हणजे मला रक्तदाब आहे आणि तुझ्या भावजयीला मी आहे, पण दोन्हींची आता सवय झाली आहे. तुझे नवे गुडघे काय म्हणतात? श्रिया परवा फोनवर सांगत होती की आई आता काठीशिवाय लिफ्टपर्यंत जाते आणि लिफ्टमध्ये भेटेल त्या कानडी माणसाशी मराठीत बोलते. ऐकून फार बरं वाटलं. ती माणसं काय उत्तर देतात ते कळव. जावईबापूंना नमस्कार, नातीला आशीर्वाद, आणि बंगळूरच्या हवेला माझ्यातर्फे काहीही नको, तिचं कौतुक श्रिया पुरेसं करते.

पत्र कशाला, फोनला काय झालं, असं तू विचारशीलच. फोनला काही झालेलं नाही. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस, मग मी प्रश्न तुला विचारतो आणि उत्तर श्रिया देते, मागून जावईबापू खोकतात, आणि तू नुसती "हं, हं" करतेस. ते "हं" कुणाला आहे ते मला डोंबिवलीत बसून कळत नाही. शिवाय समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देण्याची पद्धत आपल्या घरात कधीच नव्हती. पत्राचं तसं नाही. पत्रात तू मला मध्येच थांबवून "हरी, नीट बस" म्हणू शकत नाहीस. (मी नीटच बसलो आहे.)

तू संक्रांतीनंतर गेलीस तेव्हा ठाण्यातल्या नौपाड्याच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवून दोन कामं सांगितली होतीस. एक, मागच्या बागेला दिवसाआड पाणी. दोन, घर विकत घ्यायला कुणी बघायला आलं तर तोंड आवरून दाखवणे. श्रियाचं म्हणणं, आईने आता कायमचं आमच्याकडे यावं. तुझं म्हणणं, अक्षय्य तृतीयेला काय ते नक्की सांगते. रिक्षात बसता बसता तू मागे वळून म्हणालीस, "त्या बागेत तरी माझं काय राहिलंय रे? तीन वर्षांत मोगऱ्याला एक फूल नाही." मला काहीतरी बोलायचं होतं, पण रिक्षावाल्याने मीटर टाकला आणि मी बॅग आत सरकवली. तर या बाबतीत माझं मत (तू विचारलेलं नाहीस, म्हणूनच देतो) असं की तू खुशाल तिकडेच राहा. इथे तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. पाणी वेळेवर येतं, दूधवाला येतो, सूर्य येऊरच्या डोंगरामागेच मावळतो. आम्ही मजेत आहोत.

आता बागेबद्दल. पाण्याची विभागणी आम्ही पहिल्याच दिवशी शास्त्रशुद्ध केली. सोमवार-शुक्रवार मी, बुधवार-रविवार तुझी भावजय. (आयुष्य पाणीपुरवठ्याच्या नोकरीत काढलेल्या माणसाला वेळापत्रक करता येतं. त्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी येण्याशी त्याचा संबंध नसतो.) पुढे जे घडलं त्यात कुणाचाच दोष नाही, असं आमच्या घरात बऱ्याच चर्चेअंती ठरलेलं आहे. पहिल्या सोमवारी मी निघालोच होतो, तर खालच्या मजल्यावर रमीला एक भिडू कमी पडत होता. मी म्हटलं, परवा ही जाणारच आहे, घालेल दुप्पट. बुधवारी ही नौपाड्याला गेली, अगदी गेली, पण स्टेशनपासून तुझ्या घरापर्यंत साड्यांची किती दुकानं लागतात ते तुला मी सांगायला नको. तिने म्हटलं, सोमवारी हे भरपूर घालून आले असतील, यांना दुसरं काम काय असतं. संध्याकाळी मी विचारायचो, झाडं कशी आहेत, ती म्हणायची, छान. ती विचारायची, मोगरा काय म्हणतो, मी म्हणायचो, मजेत. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी इतक्या गोडीने कधी बोललो नव्हतो. अख्खा माघ महिना असा अत्यंत सुखात गेला.

फाल्गुन लागला आणि तुझा फोन आला की होळीला मला व्हिडिओवर बाग दाखव. तेव्हा मी स्वतः नौपाड्याला गेलो, मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच बसलो. मोगऱ्याच्या जागी काड्या होत्या. एक पान नाही. अबोलीने मान टाकली होती, सोनचाफा पिवळा पडला होता (फुलांनी नव्हे), जमिनीला भेगा गेल्या होत्या. हिरवी होती ती फक्त तुळस, कारण वरच्या मजल्यावरच्या गुप्तेकाकू सकाळी सूर्याला अर्घ्य देऊन झालं की उरलेला तांब्या खिडकीतून खाली तिच्यावर ओततात. मी हिला फोन लावला. हिने आधी माझ्यावर ठपका ठेवला, मग मी तिच्यावर ठेवला, मग भांडण तिथेच सोडलं, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच दृश्य आलं: तू दारात उभी आहेस आणि काहीच बोलत नाहीस. तू ओरडलीस तर आम्हाला चालतं. तू काही बोलली नाहीस तर मला जेवण जात नाही, लहानपणापासून.

मग मी पुरावा नष्ट करायला घेतला. स्वयंपाकघरातली कात्री आणून वाळलेल्या काड्या होत्या तेवढ्या सगळ्या छाटल्या. जोशात चार-दोन ओल्याही गेल्या. मोगरा गुडघ्याएवढा राहिला (जुन्या गुडघ्याएवढा, तुझ्या नव्यांचा अंदाज नाही). मग नळाला पाईप लावला आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ एवढं पाणी सोडलं की सोसायटीच्या टाकीची पातळी बघून सेक्रेटरी प्रशांतराव चौकशीला आले. तरी मोगरा हूं की चूं करेना. होळी आली तोंडावर. शेवटी ठरलं की तसाच दुसरा मोगरा आणायचा, रातोरात नव्हे, दिवसाढवळ्या लावायचा, आणि आयुष्यभर तोंड उघडायचं नाही. त्यासाठी मी शीळफाट्याला गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला रोपवाटिका आहेत, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक अशी की माणूस रोप घेऊन निघाला तर घरी पोचेपर्यंत त्याला फळ धरावं. मी मोगऱ्याच्या रांगेत उभा राहून तुझ्या मोगऱ्यासारखा वाकडा मोगरा शोधत होतो, आणि नेमका तेव्हा तुझा व्हिडिओ कॉल आला.

ताई, आता तुला सांगायला हरकत नाही. होळीच्या दिवशी तू जी बाग पाहिलीस आणि डोळ्यांना पदर लावलास, ती बाग शीळफाट्याची होती. तू म्हणालीस, केवढी भरली आहे रे. भरणारच, विक्रीला होती. तू म्हणालीस, एवढ्या कुंड्या कुठून आल्या. मी म्हटलं, गुप्तेकाकूंनी वर रंगकाम काढलंय म्हणून खाली ठेवल्यात. (गुप्तेकाकूंकडे एक कुंडी नाही. एक तांब्या आहे.) मागून कंटेनर गेला त्याचा हॉर्न ऐकून तू विचारलंस, आपल्या गल्लीत ट्रक? मी म्हटलं, गटाराचं काम निघालंय. हे मात्र तू लगेच मान्य केलंस. मागे जो माणूस "साहेब, जास्वंद पण बघा" असं ओरडत होता, तो मी तुला सांगितला तसा प्लंबर नव्हता.

एवढं सगळं करून, वाकडा मोगरा मांडीवर घेऊन मी नौपाड्याला पोचलो, खड्डा खणायला म्हणून तुझ्या मोगऱ्यापाशी बसलो, आणि पाहतो तर त्या खुंटांवर हिरवे ठिपके. दुसऱ्या दिवशी पालवी. आठवडाभरात झाड पोपटी झालं आणि पाडव्याच्या आधी प्रत्येक शेंड्याला कळ्या, एकेका फांदीला मोजता येऊ नयेत इतक्या. सोनचाफा फुलला. अबोली फुलली. कुंपणावरची बोगनवेल, जिला तू "नुसती पानं खाऊन माजली आहे" म्हणायचीस, ती अशी फुलली की शेजारच्या इमारतीतले लोक तिच्यापुढे उभे राहून स्वतःचे फोटो काढतात. नवा वाकडा मोगरा आम्ही डोंबिवलीला गॅलरीत ठेवला. त्याला ही रोज न चुकता पाणी घालते, तांदळाचं धुवण घालते, त्याच्याशी बोलते. त्याला एक कळी नाही.

यावरून मी जो सिद्धांत मांडला आहे तो तुला आवडणार नाही, पण तू हजार किलोमीटरवर आहेस म्हणून धीर करून मांडतो. तुझ्या मोगऱ्याला तीन वर्षं फूल आलं नाही ते तू त्याला इतकं जपलंस म्हणून. रोज पाणी, रविवारी ताक, केळ्याची सालं, चहाचा चोथा. त्याला बिचाऱ्याला फुलायची गरजच पडली नाही, माझ्यासारखं. आठवतं का, भाऊजी दर पौषात कात्री घेऊन बागेत उतरायचे, झाड बोडकं करायचे, वर महिनाभर पाणी तोडायचे, आणि तू "मारून टाकाल एक दिवस" म्हणून त्यांच्याशी चार दिवस अबोला धरायचीस? आणि चैत्रात तोच मोगरा तू बायकांच्या ओट्यांत भरभरून वाटायचीस. भाऊजी गेल्यावर तू त्या झाडाला कुणाला हात लावू दिला नाहीस. मला ते तेव्हाही कळत होतं, म्हणून मी कधी काही बोललो नाही. या वर्षी भाऊजींचं काम आम्ही दोघांनी केलं, फक्त त्यांनी ते अक्कल वापरून केलं असतं.

आता रोज संध्याकाळी मी तिथे असतो. वेळापत्रक केव्हाच मोडलं; सोमवार कुणाचा आणि रविवार कुणाचा यावरून आता भांडण होतं ते जायला कोण मिळणार म्हणून. शेवटी दोघंही जातो. मागच्या पायरीवर चहा घेऊन बसतो. ऊन कलतं, कुकरच्या शिट्ट्या थांबतात, आणि मग कळ्या एकेक करून सैल व्हायला लागतात. (उमलताना आवाज होतो असं कुणीतरी मला सांगितलं होतं. होत नाही. मी मोगऱ्यात कान घालून बसलो होतो, कानात मुंगी गेली.) वास आधी थोडा येतो, मग एकदम सगळीकडे होतो. मी फुलांतला माणूस नाही हे तुला माहीत आहे. मुंजीत माझ्या गळ्यात हार घातला तेव्हा मी त्यातला झेंडू खाल्ला होता म्हणतात. पण परवा ही त्या पायरीवर नुसती बसली होती, केसांत गजरा, हातात काही काम नाही, आणि मला म्हणाली, "अहो, आपण इतकी वर्षं संध्याकाळी काय करत होतो?" मी विचार केला आणि मला काही आठवेना. फार सुख वाटलं, ताई. खोटं कशाला बोलू.

पण सुखाची आवक एवढी झाली की साठवायची कुठे हा प्रश्न आला. फ्रिजमध्ये मोगरा ठेवला, तर दूध, लोणी, आणि एकदा तर बांगडा, सगळ्यांना मोगऱ्याचा वास. माठात टाकला. उशीखाली ठेवला. शेजाऱ्यांना दिला, शेजारी दार उघडेनासे झाले. नौपाड्यात मात्र उलट. तिथे न देताच जातो. पहाटे फिरायला निघणारी, हातात आकडीची काठी आणि खिशात प्लॅस्टिकची पिशवी असलेली धार्मिक माणसं तुला ठाऊकच आहेत. त्यांचं नेतृत्व प्रशांतरावांकडे आहे. एका सकाळी मी लवकर पोचलो तर ते कुंपणावरून अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे अडकले होते. मला बघून म्हणाले, देवाला नेतोय. मी म्हटलं, देव तुमचा, फुलं ताईची, आणि लेंगा बोगनवेलीत. मी त्यांना सोडवलं, कारण ते सेक्रेटरी आहेत आणि पाण्याची टाकी त्यांच्या ताब्यात आहे. आता ते रीतसर दारावरून येतात आणि चहाही मागतात.

सगुणाही येते. चेंदणी कोळीवाड्याहून मासळीची टोपली घेऊन तुझ्याकडे यायची तीच. तिला मी गजऱ्यापुरता मोगरा देतो, ती मला वर चार कोळंब्या जास्त टाकते, असा आमचा व्यवहार उत्तम चालला होता. पण परवा ती टोपली खाली ठेवून उभीच राहिली, अंबाड्यात माझाच मोगरा, आणि तोंड वाकडं. म्हणाली, "बाय कंदी येनार ते सांग. तुना मावरा द्याला मजा नाय. तू भावच करीत नाय." मी तिला सांगितलं की बाई बहुतेक यायची नाही. तिने मग बोंबील दिले, ते शिळे निघाले. तुला फसवायची तिची हिंमत नव्हती, एवढंच यावरून सिद्ध होतं.

आता दुसरं काम, म्हणजे घर दाखवणं. केदार आणि शिवानी असं एक नवरा-बायकोचं जोडपं कल्याणहून येऊन गेलं. मुलं चांगली आहेत, नमस्कार वाकून करतात. हॉल आवडला, स्वयंपाकघर आवडलं. मग मी मोठ्या ऐटीत मागचं दार उघडलं. समोर एवढा मोगरा, चाफा, वर बोगनवेल, मी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघतोय. केदारने मोबाईलने मोजमाप घेतलं आणि म्हणाला, "काका, हा पोर्शन टाइल्स टाकून कव्हर केला तर गाडी बसेल ना?" शिवानीने विचारलं, फुलांमुळे किडे येतात का. मी तोंड आवरलं. तू सांगितलं होतंस म्हणून आवरलं, नाहीतर माझ्या मनात जे आलं ते मी नळावरच्या भांडणातही कधी बोललो नव्हतो. विचार करून कळवतो म्हणून ती दोघं गेली. तेव्हा त्या बाजूने काही काळजी करू नकोस.

शेवटी फुलांचं काय करायचं यावर मीच तोडगा काढला. चैत्र आहे. भाऊजी होते तोवर तुझ्याकडे चैत्रागौरीचं हळदीकुंकू असायचं, आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांच्या ओट्या, आणि प्रत्येक बाईच्या हातात मोगरा. मी म्हटलं, करून टाकू. तुझ्या सोसायटीच्या ग्रुपवर (तुझ्या जागी तात्पुरता मी आहे) मी स्वतः आमंत्रण टाकलं: "सर्व भगिनींना कळविण्यात येते की अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी सायंकाळी पाच ते आठ या वेळेत श्रीमती वासंतीताई यांच्या बागेत चैत्रागौरीचे हळदीकुंकू होईल. नागरिकांनी सहकार्य करावे." शेवटचं वाक्य हाताच्या सवयीने गेलं. हळदीकुंकवाचं बोलावणं पुरुषाने द्यायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत माईक कायम माझ्याच हातात असायचा, म्हणून मला वाटलं हेही खातं आपलंच. अर्ध्या तासात सगळ्या मजल्यांवरून होकार आले, दोन बायकांनी तर हात जोडल्याची चित्रं पाठवली.

फक्त प्रशांतराव संध्याकाळी चहाला आले ते घसा खाकरत. म्हणाले, "हरिहरराव, कल्पना चांगली आहे, पण वासंतीताई आता... म्हणजे हळदीकुंकू म्हटल्यावर..." आणि पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं. मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग मात्र माझा रक्तदाब जिथे जायचा तिथे गेला. मी म्हटलं, "हळद तिची, कुंकू तिचं, गौर तिची, फुलं तिची. तुमचं काय आहे यात? तुम्ही फक्त नेता." प्रशांतराव वाईट माणूस नाहीत, ते ओशाळले, दुसरा कप न घेता गेले. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ताई, की भाऊजी गेल्यापासून चैत्रातल्या शुक्रवारी तू मागचं दार लावून आत काय करत बसायचीस. मी डोंबिवलीला होतो. मला वाटायचं, तू दुपारची झोपतेस.

असो. तेव्हा सगळं जमून आलं आहे. तुझी भावजय गौर मांडेल, डाळ वाटेल, कुंकू लावेल. तू अजिबात दगदग करू नकोस, गुडघे सांभाळ, तिकडेच सुखाने राहा, आम्ही फोटो पाठवू. पत्र फार लांबलं, ते तू चष्मा पुसून पुरतं वाचशील एवढा भरवसा आहे. श्रियाला वाचायला देऊ नकोस. लहानांनी वाचावं असं यात काही नाही, आणि मोठ्यांचं मी केव्हाच सोडलं आहे.

तुझा आज्ञाधारक (पाणी सोडून बाकी बाबतीत) भाऊ,
हरी

ता. क. – केदार आणि शिवानी कळवणार नाहीत. तुझ्या बागेत एक धामण राहते, ती घरच्यासारखीच आहे, कधीमधी फक्त न्हाणीघरात येते, असं मी त्यांना निघताना सांगितलं. तोंड मी बागेपुरतं आवरलं होतं, दारापर्यंत नाही. नौपाड्यात धामण कुठून येणार, पण कल्याणच्या मुलांना त्याची कल्पना दिसली नाही.

आणखी एक – वर तुझी भावजय कुंकू लावेल असं जे लिहिलं, ते तिने वाचलं आणि पेन काढून घेतलं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतो: "घर वन्सांचं, गौर वन्सांची. त्या नसताना त्यांच्या पाटावर मी बसायची नाही. वन्सं असतील तर डाळ मी वाटते, नाहीतर तुम्ही आणि तुमचा ग्रुप." तेव्हा परिस्थिती अशी की त्या शुक्रवारी संबंध इमारतीतल्या बायका नटूनथटून येणार आहेत आणि दारात मी एकटा उभा असेन, डाळीच्या पातेल्याशिवाय.

आणि हे शेवटचं, खरोखर – काल गुप्तेकाकू खाली आल्या. ऐंशीच्या घरातल्या, जिना उतरायला त्यांना डॉक्टरांची बंदी आहे. कठडा धरून धरून आल्या, बागेतल्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "वासंतीला लिही. आम्ही बोलावलं तर तिला लागेल म्हणून बोलावलं नाही. तिने बोलावलं नाही, तर आम्हाला वाटलं आम्हीच नकोशा झालो. या वर्षी मी कुंकू लावून घेईन ते तिच्या हातून. दुसऱ्या कुणाच्या नाही."  मग त्यांना जिन्यापर्यंत सोडलं.

ताई, तुझ्यावाचून इथे कुणाचं अडत नाही असं मी वर लिहिलं, ते खोडायला आता कागदावर जागा नाही. मला तू इथे हवी आहेस. श्रियाने रागवायचं तेवढं माझ्यावर रागवावं, तिचा तो हक्क आहे. हळदीकुंकवाच्या आधीच्या बुधवारचं, खालच्या बर्थचं, बंगळूर ते ठाणे तिकीट काढून ठेवलं आहे. परतीचं काढलेलं नाही.